पहिल्या हीटच्या आधी की नंतर?

कुत्र्याच्या मादी पिल्लाची नसबंदी करायची हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते 'कधी' यावर. मी दोन्ही करून बसलोय. डॉबरमन जुलीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात, हीट (माज) यायच्या आधीच. लॅब्रेडॉर मनीचं पहिली हीट होऊन तीन महिन्यांनी.

आधी उरकलं की स्तनातल्या गाठींची भीती सर्वांत कमी. 1969 सालचे आकडे डॉक्टर अजून सांगतात: आधी केलं तर 0.5 टक्का, एका हीटनंतर 8, दोन हीटनंतर 26. मात्र हे नसबंदी न केलेल्या मादीच्या तुलनेत आहे. शंभरातल्या आठ जणींना कॅन्सर होतो असं नव्हे. गर्भाशयात पू होण्याची चिंता दोन्हीकडे मिटते.

जुली चार वर्षांची असताना एका सकाळी गोधडीवर ताटलीएवढा ओला डाग दिसला. मी तिच्यावर ओरडलो. दुपारी माझ्यासमोरच गाढ झोपेत तिला गळती लागली. उठली, मागे वळून चाटत बसली. तिला पत्ताच नव्हता. लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं. अंडाशयाबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोन गेलं की मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू ढिला पडतो, मूत्रमार्गाच्या भिंतीत स्नायू कमी आणि कोलाजेन (तंतूंचं प्रथिन) जास्त होतं. जागेपणी निभावतं, झोपेत सुटतं. वीस किलोंवरच्या माद्यांत हे जास्त, त्यात डॉबरमन पुढे. फक्त अंडाशय काढा नाहीतर गर्भाशयही, या बाबतीत फरक नाही.

फिनाइलप्रोपॅनोलामाइनने गळती थांबली. पण गोळी रोज दोनदा, आणि गावाला जाताना विसरलो की पुन्हा तेच. श्रावणात गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, वास तर विचारू नका.

मनीच्या हीटमध्ये तीन आठवडे गेटवर कुत्र्यांची बैठक, घरात तिला मुलाची जुनी चड्डी, वॉचमनची कुरकुर. पण तेवढंच. आज ती सहा वर्षांची आहे, गोधडी कोरडी. लॅब आणि डॉबरमनची तुलना तशी बरोबर नाही, हे मान्य. उशिरा ऑपरेशन होऊनही गळणाऱ्या असतात.

पॉमेरेनियन असती तर मी कदाचित आधीच उरकलं असतं. मोठ्या जातीसाठी मात्र पुन्हा एक हीट थांबेन. थांबलात तर हीट संपल्या संपल्या टेबलावर घेऊ नका. तेव्हा तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. दोन-तीन महिने जाऊ द्या.