मनुष्य कशासाठी आहे : कोल्हापुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

ख्रिस्ती विश्वासानुसार मनुष्य म्हणजे काय आणि देवासमोर त्याच्या जीवनाचा हेतू कोणता, या विषयावर कोल्हापुरातील एका मंडळीने (चर्चने) चालवलेला सायंकाळचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गाला शुल्क नाही, तो कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुला आहे, आणि शिकवणारे पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) अवघड प्रश्न आला तरी तो टाळून पुढे जात नाहीत. हा विषय ज्यांना जवळचा वाटतो त्यांनी वर्गाला अवश्य जावे, असे मी मनापासून सांगेन.

वर्गाची खरी ताकद त्याच्या आरंभात आहे. आपल्याकडील उपदेशांत मनुष्याचा विचार बहुधा पापापासून सुरू होतो आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला स्वतःविषयी पहिली गोष्ट कळते ती त्याच्या अपराधाची. येथे सुरुवात उत्पत्ती या बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायापासून होते. प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा हा मान प्रामुख्याने राजाचा समजला जात असे. उत्पत्ती १:२७ मात्र तोच मान नर आणि नारी अशा समस्त मनुष्यजातीला देते, हे पाळकसाहेबांनी फार सावकाश आणि स्पष्टपणे उलगडून दाखवले. ज्या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, तेथे बसून हे वचन ऐकताना त्याचा सामाजिक अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. म्हणूनच मंडळ्यांमध्ये आजही विवाह ठरवताना जात पाहिली जाते, या प्रश्नाला वर्गात स्थान मिळाले नाही याचे मला वाईट वाटले. मनुष्य हा देवाची प्रतिमा म्हणजे प्रतिरूप आहे, हा सिद्धांत शिकवायचा असेल, तर तो आपल्या घरापर्यंत आणलाच पाहिजे.

पतनाविषयीचे, म्हणजे आदामाने देवाची आज्ञा मोडल्याने मनुष्य पापात पडला याविषयीचे, विवेचन संयत होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून घडत नाही आणि जे नको तेच घडते. मनुष्यस्वभावातील ही दुही प्रत्येकाच्या अनुभवाची असल्यामुळे तिला फार पुराव्याची गरज नाही. परंतु पतनाने देवाचे प्रतिरूप पुसले गेले का, या प्रश्नावर उत्पत्ती ९:६ आणि नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील ३:९ ही वचने शेजारी ठेवून वाचली गेली, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. जलप्रलयानंतरही मनुष्यहत्येचा निषेध त्याच प्रतिरूपाच्या आधारावर केला आहे आणि याकोबही त्याच आधारावर शेजाऱ्याला शाप देण्यापासून आवरतो. म्हणजे पापी मनुष्यही आदरास पात्रच राहतो. आदामाचा दोष सर्वांवर येतो असे मानणारी प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांची परंपरा आणि आपल्याला वारशाने येते ते मरण व भ्रष्टता, प्रत्यक्ष दोष नव्हे, असे मानणाऱ्या पूर्वेकडील मंडळ्या, यांतील मतभेद मात्र घाईने आटोपला गेला. त्यावर एक पूर्ण सायंकाळ द्यायला हवी होती.

हेतूविषयीचा भाग १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीवर, म्हणजे ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिकेवर, आधारलेला होता. कोल्हापूरला ही निवड योग्यच आहे, कारण अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली येथे सुरू केलेले मिशनचे काम पुढे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेले आणि ही प्रश्नोत्तरी त्याच परंपरेची आहे. तिच्या १०७ प्रश्नांपैकी पहिलाच प्रश्न मनुष्याच्या मुख्य हेतूविषयी असून देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद पावणे, असे त्याचे उत्तर आहे. यातील आनंदाची बाजू आपण विसरतो आणि देवाच्या सेवेला केवळ कर्तव्याचे ओझे करून टाकतो, हे पाळकसाहेबांचे निरीक्षण मला अगदी पटले.

चपला तयार करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले की, आठवडाभर कातड्याशी चालणारे आपले काम या हेतूत बसते की हेतू फक्त रविवारच्या उपासनेपुरता आहे. उत्तरादाखल उत्पत्ती २:१५ वाचले गेले. बागेची मशागत आणि राखण हे काम पतनापूर्वीच मनुष्यावर सोपवले होते. शिक्षा म्हणून आले ते कामातील कष्ट आणि काटे, काम स्वतः नव्हे. त्याला जोडून इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आला, जेथे तारण (पापापासून सुटका) देवाच्या कृपेने मिळते, कर्मांनी नाही, असे ठामपणे सांगून लगेच म्हटले आहे की, सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली आहे. हा क्रम उलटला की माणूस देवाशी हिशेब मांडू लागतो, म्हणून तो नीट समजून घेणे गरजेचे आहे.

सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर सभागृह स्वच्छ आहे आणि वर्ग वेळेवर सुरू होतो. वाटली जाणारी टिपणे मात्र इतक्या बारीक अक्षरांत छापलेली आहेत की ज्येष्ठांना ती वाचता येत नाहीत, आणि वर्गाला येणाऱ्यांत ज्येष्ठच अधिक आहेत. पवित्र शास्त्राची स्वतःची प्रत सोबत न्यावी, कारण तेथील प्रती सर्वांना पुरत नाहीत.