ठासणीची की बारा बोअर : नंबरच्या बाजूने पाहिलं तर

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, गगनबावड्याकडे गव्या-डुकरांपासून पीक राखायला बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत. शस्त्र कायदा, 1959 चं कलम 8 ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) आणि बारा बोअर (काडतुसाची) या दोन्ही बंदुकांना सारखंच लागू आहे: कारखान्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची दुसरी खूण नसलेली बंदूक विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कोरलेला नंबर घासणं, बदलणं हाही गुन्हा.

फरक पडतो तो प्रत्यक्ष लोखंडावर. कारखान्यातल्या बारा बोअरवर नाव आणि नंबर खोल ठोकलेला असतो. निवडणुकीआधी ठाण्यात बंदूक जमा करताना हवालदार परवान्याशी तो ताडून पाहतो आणि पावतीवर लिहितो, काम झालं.

ठासणीची बंदूक बहुधा आजोबांच्या वेळची. नंबर उथळ, त्यावर गंज. त्यात खंडेनवमीला पूजेआधी आपण ती हौसेनं लखलखीत करतो. मी स्वतः एका नळीवर 4 आहे की 9, हे भिंग लावूनही ठरवू शकलो नव्हतो. कृपा करून नंबरावर पॉलिशपेपर फिरवू नका, तेलाचं फडकं पुरे. कारण खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच ती पुसली असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे सिद्ध करायचं ओझं मालकावर.

नवीन घ्यायची असेल तर मी बारा बोअरच सांगेन. वारशाची ठासणीची असेल तर नावावर करण्याआधी नंबर परवान्याशी जुळवा. जुळत नसेल तर स्वतः कोरायला जाऊ नका, जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा.