रॅक बदलल्याचे २१,८०० घेतले, गाडीत रॅक जुनाच

स्टिअरिंग वळवताना आवाज येतोय आणि गॅरेजवाल्याने ‘रॅक गेलाय’ (म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग खराब झालाय) म्हणून सांगितलंय, अशा कुणीही पैसे देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमची वॅगनआर सात वर्षांची आहे. मे महिन्यात पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘कट्’ असा आवाज यायला लागला. त्याच वेळी हाताला बारीक हिसका बसायचा. सरळ रस्त्याला काहीच नाही. वडिलांना डोळ्यांच्या तपासणीसाठी दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला न्यावं लागतं, म्हणून गाडीचं दुखणं अंगावर काढलं नाही. एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

तिथल्या सुपरवायझरने गाडी लिफ्टवर घेतली, मला खाली बोलावलं आणि चाकाजवळच्या दांड्याला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून तो हलवून दाखवला. “बघा ताई, किती प्ले आहे, किती ढिलं झालंय. रॅक गेला. घाटात स्टिअरिंग जाम झालं तर?” पुण्याहून येताना खंबाटकी लागतो आणि शेजारच्या सीटवर वडील असतात. त्या वाक्यानंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. टॉमीने जोर लावला की रबरी बुश (सांध्यातली रबराची गादी) असलेला चांगला भागसुद्धा हलतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज बंद. रॅक, मजुरी, अलाइनमेंट आणि पॉवर स्टिअरिंग ऑइल धरून २१,८०० रुपये झाले. हातात दिला तो एस्टिमेटचाच कागद, त्यावर ‘पेड’चा शिक्का. सिस्टिम बंद आहे, पक्कं बिल व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाले. ते कधी आलं नाही. काढलेला रॅक मागितला, तर “तो कंपनीला परत जातो.”

बारा दिवसांनी, दोन दमदार पाऊस झाल्यावर आवाज परत सुरू. फोन केला तर म्हणे नवीन रॅक आहे, सेट व्हायला वेळ लागतो.

मग आमच्या पेठेतल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी टॉमी हातात घेतलीच नाही. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. त्यांच्या पोराने स्टिअरिंग सावकाश वळवायला घेतलं आणि काकांनी चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगवर तळवा टेकवला. “बोटं आत घालू नका, नुसता हात टेकवा,” म्हणाले. मी टेकवला. चाक वळत होतं, पण स्प्रिंग अडून राहायची आणि मग एकदम टणकन् सुटायची. तोच तो आवाज. शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर माउंट असतं, त्यातलं बेअरिंग जाम झालं होतं. बॉनेट उघडून वरची टोपी काढली, तर आत कसल्याशा स्प्रेचा ताजा चिकट थर. बारा दिवस आवाज का बंद होता, ते तिथे कळलं.

मग गाडी वर घेतली. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी आवरणं, असतात. आमच्या डाव्या बुटाला भेगा आणि क्लिप गंजून लाल झालेली. रॅकच्या बोल्टवर गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता, त्यावर पान्याचा एक ओरखडा नव्हता. काकांनी कागद पाहून विचारलं, “ऑइल कुठं ओतलं म्हणे?” या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. मदतीला मोटर असते, ऑइलची टाकीच नसते. नसलेल्या टाकीतल्या ऑइलचेही ८५० रुपये मी भरले होते.

दोन्ही बाजूंची माउंट आणि बेअरिंगं मजुरीसकट ३,६०० रुपयांत झाली. आवाज त्यानंतर आलेला नाही.

काकांनी त्या दिवशी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. गाडी उभी असताना वळवल्यावर आवाज आला तर आधी वरचं बेअरिंग बघायचं. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट असा लागोपाठ आवाज आला तर एक्सलच्या टोकाचा जॉइंट. तिथलं रबर फाटलेलं असतं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. खड्ड्यातून जाताना खडखड होत असेल तर लिंक रॉड, बॉल जॉइंट हे चाकाजवळचे भाग बघायचे आणि मग रॅकवर यायचं. ऑइलवालं स्टिअरिंग असेल आणि वळवताना घूंऽऽ असा आवाज येत असेल तर टाकीतली पातळी बघायची. स्टिअरिंगच्या आतच खसखस होतेय, हॉर्न मध्येच वाजत नाही, एअरबॅगचा दिवा लागलाय, तर त्यातली गुंडाळी केबल. आवाजाबरोबर स्टिअरिंग अडकत असेल किंवा ढिलं लागत असेल, तर मात्र गाडी चालवायची नाही, जागेवर मिस्त्री बोलवायचा.

वर्कशॉपला फोटोंसह लेखी पत्र दिलं. उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा वर्कशॉपवाले ५,००० रुपये परत देऊन ‘तक्रार मागे घ्या’ म्हणाले. मी नाही म्हटलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. सोबत शिक्क्याचा तो कागद, यूपीआयची नोंद, चिखलाने माखलेल्या बोल्टचे फोटो आणि काकांनी सही करून दिलेला जबाब जोडला आहे. पुढच्या महिन्यात पहिली तारीख आहे.