क्रायसिस की सीक्रेट वॉर्स?

नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात या दोन्ही अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्स-मालिकांचे अंक हाती लागले, तेव्हापासून मित्रांशी हाच वाद: दोहोंत सरस कोणती? मार्व्हल या प्रकाशनाची १९८४ची 'सीक्रेट वॉर्स' सुटसुटीत: नायक पृथ्वीवरून गायब होतात, परततात. स्पायडरमॅन त्याच्या मासिकात काळ्या पोशाखात आधीच दिसतो. तो पोशाख मिळाला कसा, हे काही महिन्यांनी 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात कळतं. गाठ सुटते.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी डीसी. तिच्या गोष्टी अनेक समांतर पृथ्व्यांवर घडत; १९८५च्या 'क्रायसिस'ने त्यांची एक केली, आणि गुंता वाढला. पॉवर गर्ल ही दुसऱ्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनची चुलत बहीण. ती पृथ्वीच पुसली गेल्यावर पोरीचं मूळ कुठलं? पंखवाल्या हॉकमॅनच्या इतिहासाची तर पुढे पार खिचडी झाली.

तरी 'क्रायसिस'च्या सातव्या अंकाचं मुखपृष्ठ पाहा. सुपरगर्लचा निष्प्राण देह हातांवर घेऊन रडणारा सुपरमॅन! माझा कौल क्रायसिसलाच.