कमरेला बांधायचा माइक : सहा महिने वर्गात वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सरी कोसळत असताना, नववीच्या ५८ मुलांना अभंग शिकवताना माझा आवाज ओळीच्या मध्येच फाटला. तोवर घसा बसला की ज्येष्ठमध चघळायचे, मिठाच्या गुळण्या करायच्या आणि पुढच्या तासाला उभे राहायचे, अशी एकोणीस वर्षे काढली होती. या वेळी मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून दोन्ही स्वरतंतूंवरच्या बारीक गाठी दाखवल्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

तिथे मला तीस विधानांची एक प्रश्नावली भरायला दिली. आवाजामुळे रोजच्या कामात येणाऱ्या अडचणी, शरीराला होणारा त्रास आणि मनावर होणारा परिणाम या तिन्हींबद्दल प्रत्येकी दहा विधाने तीत असतात; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. माझे सर्वाधिक गुण मनाविषयीच्या दहा विधानांत निघाले, आणि ते पाहून मला रडू आले. कारण रविवारी संध्याकाळपासून सोमवारच्या पाच तासांची धास्ती वाटणे, घरी लेक बोलायला आली तरी मानेनेच उत्तर देणे, पालकसभेत मागे बसणे, हे सारे मी स्वभावातला दोष समजत होते. व्यायामांबरोबरच माइक वापरण्याचा सल्ला त्यांनीच दिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांपैकी ज्यांनी सहा आठवडे असा माइक वापरला त्यांचे याच प्रश्नावलीतले गुण लक्षणीय कमी झाले होते. नुसत्या घशाच्या काळजीच्या सूचना मिळालेल्यांत तसा फरक दिसला नव्हता.

मी घेतलेला संच साधा आहे : तळहाताएवढा स्पीकर, कमरेचा पट्टा आणि डोक्यावरून बसणारा वायरचा माइक. किंमत १,९०० रुपये पडली. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर ठेवला की आवाज स्वच्छ येतो. अगदी समोर आणला तर 'प' आणि 'भ' फुटतात, आणि 'श'-'स' यांत जरा खरखर राहतेच, जी भाषेच्या शिक्षिकेला खटकते. फळ्याकडे वळून वाकले की कर्कश शिट्टी वाजते. स्पीकर पाठीमागे न ठेवता डाव्या कुशीला बांधल्यावर ती बरीचशी थांबली. वायर पदरात अडकते, म्हणून ती मी आतून पिनेने अडकवते. खोक्यावर बॅटरी दहा तास चालते असे छापले आहे. माझा अनुभव सहा तासांचा आहे.

पहिल्या दिवशी एका मुलाने, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" असे विचारले. मी गाठींबद्दल सरळ सांगितले आणि वर्ग आपोआप शांत झाला. त्या आठवड्यात कित्येक वर्षांनी मी एक ओळ हळू आवाजात, थांबत थांबत म्हटली आणि ती शेवटच्या बाकापर्यंत पोहोचली. ओरडून शिकवताना अर्थापेक्षा शिस्तच जास्त ऐकू जात होती, हे मला तेव्हा कळले.

हा उपचार मात्र नव्हे. माइक लावूनही गोंगाटावर ओरडत राहिले तर स्वरतंतूंवरचा ताण कमी होणार नाही, आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर आधी तपासणीच करून घ्यावी. खडू आणि डस्टर शाळा देते, तसा हा माइकही शाळेनेच द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. शिक्षकांनी तो स्वतःच्या खिशातून आणि वर संकोचाने का घ्यावा?

घेताना जादा हेडसेट मिळतो का, हे अवश्य विचारा. चौथ्या महिन्यात माझ्या वायरचा सांधा सुटला, दुसरी वायर यायला आठ दिवस लागले, आणि मधल्या रविवारी संध्याकाळी ती जुनी धास्ती पुन्हा दाराशी आली होती.