मल्टिमीटर घेऊ की टाँग टेस्टर?

उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं दुकान म्हटलं की हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मल्टिमीटर म्हणजे दोन टोकं लावून व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारा मीटर, आणि टाँग टेस्टर म्हणजे वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा. विचारणारा कधी आयटीआयचा पोरगा असतो, कधी नदीवर मोटर असलेला शेतकरी, कधी लाइट बिल बघून हबकलेला घरमालक. तिघांना माझं उत्तर वेगवेगळं असतं, कारण तिघांना हवा असलेला आकडाच वेगळा.

गणित सोपं आहे. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, दोन्ही गुणले की वॅट. गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर खात असेल तर तो २००० वॅटचा आणि त्याची कॉइल साधारण २६ ओहमची. इथवर कुणीही करील. घोळ होतो तो मोजताना.

कॉइल, इस्त्री, हीटर बघायचे असतील तर मल्टिमीटरला तोड नाही. लाइन बंद करायची, कॉइलची वायर सोडवायची आणि दोन टोकांना मीटर ओहमवर लावायचा. २६ च्या आसपास आकडा आला की कॉइल शाबूत, ‘ओएल’ आलं की तुटलेली. करंट मोजायची गरजच नाही. फक्त जुन्या पिवळ्या बल्बवर हा प्रयोग करून मीटरला नावं ठेवू नका. १०० वॅटच्या बल्बचा हिशेब येतो ५२९ ओहम आणि थंड बल्बवर मीटर दाखवतो चाळीसच्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टनची तार पांढरीफट्ट तापली की तिचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. गिझरच्या नायक्रोम कॉइलला तसं होत नाही, थोडकाच फरक पडतो, म्हणून तिथं थंड आकडा चालतो.

करंटसाठी मात्र मल्टिमीटर नवख्याच्या हातात देऊ नये. वायर तोडून मीटर मधे सिरीजमध्ये घालावा लागतो, आणि तोही बहुतेक १० अँपिअरपर्यंतच. शिकाऊ असताना मी करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकातच ठेवली आणि व्होल्टेज बघायला टोकं प्लगमध्ये घातली. म्हणजे थेट शॉर्ट. ठिणगी उडाली, फ्यूज गेला, एका टोकाचं पितळ अर्धं वितळलं. ते टोक अजून ड्रॉवरमध्ये आहे, नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी दाखवतो.

टाँग टेस्टरला वायर तोडावी लागत नाही, जबडा उघडायचा आणि वायर आत घ्यायची. शिरोळकडचे एक काका नवाकोरा मीटर घेऊन तणतणत आले होते.

“मिस्त्री, ह्यो शून्यच दावतोय की. परत करू?”

“काका, आख्खी केबल धरलीसा. एकच वायर धरा.”

जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचं चुंबकत्व एकमेकांना मारतं, म्हणून शून्य. एक फेज धरल्यावर साडेसात अँपिअर आला. पाच एचपीच्या थ्री-फेज मोटरला तेवढा ठीक आहे.

आता काकांनी थ्री-फेजच्या ४१५ व्होल्टला ७.५ नं गुणून वॅट काढले असते तर चुकले असते. थ्री-फेजला १.७३ नं अजून गुणायचं, म्हणजे ५४०० च्या आसपास. तेही वॅट नव्हेत, व्हीए, म्हणजे नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार. त्यातला खऱ्या कामाचा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर, तो ०.८ धरला तर खरे वॅट साधारण ४३००. आणि ४१५ भागिले ७.५ करून वाइंडिंगचा रेझिस्टन्स तर अजिबात काढू नका. उत्तर ५५ येतं, मीटरवर थोडेच ओहम दिसतात. एसीवर फिरणाऱ्या मोटरला करंट अडवायला तार एकटी नसते, वाइंडिंगचं चुंबकत्वही अडवतं.

शेतकऱ्याला मी टाँग टेस्टरच घ्यायला सांगतो, त्याचं खरं कारण वेगळं आहे. व्होल्टेज पडलं की हीटर आणि मोटर उलट वागतात. २०० व्होल्टवर तोच गिझर जेमतेम १५०० वॅट देतो, करंटही कमी घेतो. पाणी तापायला वेळ लागतो, एवढंच. मोटरला मात्र पाणी तितकंच उचलायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते, तापते आणि आमच्याकडे येते. उसाला पाणी चालू असताना मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा काटा वर दिसला की मोटर बंद करायची. मल्टिमीटर हे सांगणार नाही.

बिलवाल्यांसाठी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर. फ्रिज बंद-चालू होत राहतो, त्यामुळे एका क्षणाचा करंट धरून युनिट काढण्यात अर्थ नाही. चोवीस तास लावून ठेवा, युनिट तोच दाखवतो.

एकच घ्यायचा असेल तर ओहम आणि व्होल्टेज मोजणारा टाँग टेस्टर घ्या. सोलर किंवा बॅटरीचं काम असेल तर डीसी करंट मोजतो का ते विचारून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात. एलईडी बल्बसारखा बारीक करंट त्यावर नीट दिसत नाही. तेव्हा एकाच वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे आणि आकड्याला दहानं भागायचं.

आणि दुकानातून निघायच्या आधी मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. ०.२, ०.३ येईल, तो वायरींचा स्वतःचा. आकडा नाचत राहिला तर दुसरा पीस मागा.