फुल सिंथेटिक ऑइल: ग्रुप ३, पीएओ की एस्टर, आणि डब्यावरच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा

समोर दोन डबे आहेत, दोन्हींवर फुल सिंथेटिक लिहिलंय, ग्रेड (म्हणजे थंडीत आणि गरम झाल्यावर ऑइल किती जाड-पातळ राहतं त्याचा आकडा) पण सेम ५डब्ल्यू-३०, एक बराच महाग, आणि कोणीतरी जाणकार छातीठोकपणे सांगतो की महागवालं खरं सिंथेटिक, दुसरं नुसतं नावाला. ह्यात थोडं तथ्य आहे, पण बरीचशी माहिती जुनी झालीय, आणि त्यातलं आपल्या गाडीला काय लागू होतं ते कोणी धड सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: बेस ऑइल कुठल्या ग्रुपचं आहे हे जरूर बघा, पण सगळ्यात शेवटी. आधी गाडीच्या कंपनीचं अप्रूव्हल, मग डेटा शीटवरचे आकडे, मग बेस ऑइल.

डब्यात असतं काय, तर साधारण ७५ ते ९० टक्के बेस ऑइल आणि उरलेलं अ‍ॅडिटिव्ह पॅकेज, म्हणजे डिटर्जंट, झीज रोखणारं झिंकवालं रसायन, अँटीऑक्सिडंट, व्हिस्कॉसिटी सांभाळणारे पॉलिमर वगैरे. बेस ऑइलचे पाच ग्रुप एपीआयने, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने केलेत. ग्रुप १ मध्ये सॅच्युरेट्स (स्थिर, सहज न बिघडणारे रेणू) ९० टक्क्यांपेक्षा कमी किंवा सल्फर ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त, ग्रुप २ त्याहून स्वच्छ, आणि ग्रुप ३ म्हणजे तितकंच स्वच्छ पण व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्यावर (हा आकडा जितका मोठा तितका तापमानाने जाडीत कमी फरक पडतो). ग्रुप ४ म्हणजे फक्त पीएओ, पूर्ण नाव पॉलिअल्फाओलेफिन. ग्रुप ५ म्हणजे ह्या कशातच न बसणारं सगळं, एस्टर पण त्यातच. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ह्या वर्गवारीत सिंथेटिक कशाला म्हणायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. तो शब्द मार्केटिंगचा आहे आणि सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

पीएओ बनतं इथिलीनपासून. आधी त्याचं १-डेसीन करायचं आणि मग त्याचे दोन-तीन-चार रेणू एकमेकांना जोडायचे, त्यामुळे सगळे रेणू जवळपास एकाच मापाचे आणि मेणाचा पत्ता नाही. ग्रुप ३ ची सुरुवात होते क्रूडमधून, पण जबरदस्त दाब, तापमान, हायड्रोजन आणि कॅटॅलिस्ट लावून त्यातले रिंगवाले रेणू फोडतात आणि मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या आणतात. म्हणजे नुसतं गाळून साफ केलेलं क्रूड असं त्याला म्हणता येत नाही, रेणूच बदललेले असतात.

१९९७ च्या अखेरीस कॅस्ट्रॉलने अमेरिकेत सिंटेक ह्या ऑइलमधलं पीएओ काढून हायड्रोप्रोसेस केलेलं बेस ऑइल घातलं, नाव मात्र सिंथेटिकच ठेवलं. मोबिलने तक्रार केली. मोबिलचं म्हणणं, छोटे रेणू जोडून बनवलं तरच ते सिंथेटिक. कॅस्ट्रॉलचं म्हणणं, इतकी रासायनिक उलथापालथ केल्यावर मूळ क्रूडचं उरतंच काय. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. हा कोर्टाचा निकाल म्हणून सर्रास सांगितला जातो पण तसं नाहीये, तो जाहिरात उद्योगाच्याच नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन नावाच्या स्वनियंत्रण संस्थेने दिला होता. परिणाम मात्र कायद्यासारखाच झाला, हळूहळू जवळपास सगळ्यांनी ग्रुप ३ ला फुल सिंथेटिक म्हणायला सुरुवात केली. जर्मनीत मात्र लेबलच्या बाबतीत कडकपणा राहिला, तिथे पूर्ण सिंथेटिक हा शब्द पीएओ-एस्टरसाठी राखून ठेवतात आणि ग्रुप ३ वाल्या ऑइलवर एचसी सिंथेसिस किंवा सिंथेटिक टेक्नॉलॉजी अशा अर्थाचं काहीतरी लिहितात. म्हणजे तोच माल सीमा ओलांडली की वेगळ्या नावाने विकला जाऊ शकतो, मग गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तर त्यात त्याची काय चूक.

आता प्रत्यक्ष फरक किती. थंडीपासून बघू कारण पीएओची खरी ताकद तिथेच आहे. नुसतं पातळ पीएओ घेतलं तर ते उणे ६० च्या खाली गेलं तरी ओतता येतं, आणि त्याच जाडीचं नुसतं ग्रुप ३ उणे १५-२० च्या आसपासच गोठायला लागतं. हा फरक बघून माणूस लगेच पीएओवाला डबा उचलतो, पण थांबा. तुम्ही नुसतं बेस ऑइल घालत नाही, तयार ऑइल घालता, आणि त्यात मेणाचे स्फटिक वाढू न देणारं अ‍ॅडिटिव्ह असतं. शिवाय ५डब्ल्यू लिहायचं तर उणे ३० ला क्रँकिंग टेस्टमध्ये (थंड इंजिन फिरवताना ऑइल किती जाड लागतं ते बघणारी टेस्ट) ६६०० सेंटिपॉइजच्या (जाडीचं एकक) आत यावंच लागतं, ०डब्ल्यूला उणे ३५ ला ६२०० च्या आत, मग बेस ऑइल कुठलंही असो. त्यामुळे दोन ५डब्ल्यू-३० मधला थंडीतला फरक उणे ३० च्या खाली गेल्यावर कळणार. तिथे राहत असाल तर पीएओ घ्याच, त्यात वाद नाही. नसाल तर हा मुद्दा सोडून द्या.

उष्णतेत बाष्पीभवन बघायचं. त्याला नोॲक टेस्ट म्हणतात, ऑइल २५० अंशाला तासभर ठेवायचं आणि वजन किती टक्के घटलं ते मोजायचं. आयएलसॅक जीएफ-६ ह्या अमेरिकन-जपानी गाडी कंपन्यांच्या मानकाची मर्यादा १५ टक्के आहे, युरोपच्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणजे एसीईएच्या मानकातल्या बऱ्याच वर्गांची १३. पातळ पीएओ आणि चांगलं पातळ ग्रुप ३ ह्या टेस्टमध्ये एकमेकांच्या अगदी जवळ येतात, एखाद-दोन टक्के इकडे-तिकडे, आणि ह्या दोघांपुढे जुनं मिनरल (ग्रुप १) बेस ऑइल पार मागे पडतं. म्हणजे मोठी उडी मिनरलवरून ग्रुप ३ ला जाताना आहे, ग्रुप ३ वरून पीएओला जाताना ती बरीच छोटी आहे. टॉपअप सारखं सारखं करावं लागत असेल तर नोॲक ८-९ वालं ऑइल शोधा, बेस कशाचा का असेना.

रुंद ग्रेडमध्ये मात्र बेस ऑइलला महत्त्व येतं. ०डब्ल्यू-४० सारखं ऑइल थंडीत एकदम पातळ आणि गरम झाल्यावर जाड राहायला हवं, आणि बेस ऑइल हलक्या दर्जाचं असेल तर हा पल्ला गाठायला पॉलिमर जास्त घालावे लागतात. ते पॉलिमर इंजिनात चिरडले जातात आणि ४० चं ऑइल हळूहळू ३० कडे सरकतं. पीएओ किंवा खूप वरच्या दर्जाच्या ग्रुप ३ ला पॉलिमर कमी लागतात. उलट ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० ह्यात पल्लाच छोटा, तिथे ग्रुप ३ आरामात निभावून नेतं.

जीटीएल म्हणजे गॅस टू लिक्विड हा तिसरा भिडू, ह्याच्याबद्दल लोकांना फार माहिती नसते. नैसर्गिक वायूपासून आधी मेण बनवायचं आणि मग त्याचं बेस ऑइल, कतारमधल्या रास लफानला शेलचा पर्ल नावाचा अवाढव्य प्लांट हेच करतो, २०११ पासून. सुरुवातच वायूपासून असल्यामुळे सल्फर जवळजवळ शून्य. आता मजा बघा, छोटे रेणू जोडून बनवलं म्हणजे मोबिलच्या त्या जुन्या व्याख्येतसुद्धा बसायला हरकत नाही, पण एपीआयच्या खात्यात ते पडतं ग्रुप ३ मध्येच! म्हणून ग्रुप ३ ऐकलं की नाक मुरडायचं हे जरा घाईचं आहे, त्या एका खान्यात फार वेगवेगळा माल भरलाय.

एस्टरवाल्या डब्यांचे भक्त वेगळेच असतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नाही. एस्टर पोलर असतं, धातूला धरून राहतं, घाण विरघळवतं, उष्णता मस्त सहन करतं. पण धातूला धरायचं म्हटलं की झीज रोखणाऱ्या अ‍ॅडिटिव्हलाही तीच जागा हवी असते, दोघांची ओढाताण होते. ओलावा मिळाला तर काही एस्टर तुटतात पण. म्हणून मोठ्या कंपन्या थोडंसंच घालतात, बहुतेक वेळा पीएओला जोडीदार म्हणून, कारण पीएओत अ‍ॅडिटिव्ह नीट विरघळत नाहीत आणि ते सील आकसवतं, एस्टर सील थोडं फुगवतं, हिशोब बरोबर. छोट्या ब्रँडचं भरपूर एस्टरवालं ऑइल रेस ट्रॅकवर उत्तम असेलही, पण त्यातल्या बऱ्याच डब्यांवर एपीआयचं लायसन्स नसतं आणि गाडीच्या कंपनीचं अप्रूव्हलही नसतं. वॉरंटीतल्या गाडीत मी तरी घालणार नाही.

आणि आता ते उदाहरण ज्याने माझं मत पक्कं झालं. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांमध्ये कमी आरपीएमला अवेळी स्फोट होतो, एलएसपीआय म्हणतात त्याला, पिस्टन फुटू शकतो इतका वाईट प्रकार. त्यात ऑइलचा हात असतो, पण मुख्य गुन्हेगार निघाला कॅल्शियमवालं डिटर्जंट. कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं की प्रकार बराच आटोक्यात येतो. २०१८ ला एसएन प्लस आणि २०२० ला एसपी हे एपीआयचे ऑइलचे दर्जे आले ते एलएसपीआयच्या टेस्टसकट. म्हणजे एखादं जुन्या फॉर्म्युलाचं शुद्ध पीएओ ऑइल ह्या इंजिनात साध्या ग्रुप ३ वाल्या एसपी ऑइलपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. बेस ऑइल कितीही भारी असलं तरी तिथे त्याचा उपयोग नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा. डब्यामागची भाषा नीट वाचा. अप्रूव्हड किंवा अप्रूव्हल लिहून पुढे एमबी २२९.५, व्हीडब्ल्यू ५०४ ००/५०७ ००, पोर्शे ए४० असं काही असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलंय. सुटेबल फॉर, रेकमेंडेड फॉर, मीट्स ऑर एक्सीड्स असं लिहिलं असेल तर ते ऑइलवाला स्वतःच म्हणतोय, दुसऱ्या कोणी नाही. मर्सिडीजची मान्य ऑइलची यादी नेटवर आहे, एपीआयची लायसन्सवाल्यांची डिरेक्टरी पण आहे, नाव टाका आणि बघा, काम मिनिटभराचं. लेबल छापायला कोणालाही जमतं, यादीत नाव यायला टेस्ट पास व्हावी लागते.

डेटा शीटवर बघायचे ते नोॲक, एचटीएचएस आणि टीबीएन (इंजिनात तयार होणारं आम्ल मारायची ऑइलची ताकद). एचटीएचएस म्हणजे १५० अंशाला जोराच्या घर्षणात ऑइलची फिल्म किती तगडी राहते ते, एसीईए ए३/बी४ ला किमान ३.५ लागतं आणि साध्या ३० ग्रेडला २.९ वर भागतं. दोन ५डब्ल्यू-३० मधला हा फरक बेस ऑइलच्या भांडणापेक्षा मोठा आहे आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठलं हवंय ते दिलेलं असतं. शीटवर हे आकडे दिलेच नसतील तर मी तो ब्रँड सोडून देतो.

काही हौशी लोक सेफ्टी डेटा शीटमधले सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक) बघून बेस ऑइल ओळखतात. थोडंफार जमतं, ६८०३७-०१-४ दिसलं तर पीएओ, ८४८३०१-६९-९ दिसलं तर जीटीएल. पण टक्केवारी रेंजमध्ये दिलेली असते, आणि ६४७४२-५४-७ हा एकच नंबर ग्रुप २ आणि ग्रुप ३ दोन्हीला चालतो, त्यामुळे ह्यावरून छातीठोक निष्कर्ष काढू नका. शिवाय एपीआयच्या नियमांत ठरलेल्या मर्यादेत बेस ऑइल बदलायची मुभा आहे, त्याला बेस ऑइल इंटरचेंज म्हणतात, म्हणजे आज डब्यात जे आहे तेच पुढच्या वर्षी असेल असं नाही आणि लेबल तसंच राहील. सेमी सिंथेटिकबद्दल तर बोलायलाच नको, त्यात सिंथेटिक किमान किती हवं ह्याचा सहसा काही नियमच नसतो.

तर कोणी काय घ्यावं. रोजची गाडी, मॅन्युअलप्रमाणे ऑइल बदलणार, हवा फार टोकाची नाही: अप्रूव्हलवालं ग्रुप ३ किंवा जीटीएल घ्या आणि निवांत झोपा. छोट्या छोट्या फेऱ्या होत असतील, इंजिन धड गरमही होत नसेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरतं, ते कुठल्याही बेस ऑइलने टळत नाही, तिथे पीएओवर खर्च करण्यापेक्षा ऑइल लवकर बदला. कडाक्याची थंडी, ट्रॅक, जड ओढकाम, ०डब्ल्यू-४० मागणारं तापट टर्बो इंजिन, किंवा कंपनीनेच ऑइल बदलायला लांबचा पल्ला दिलाय, अशा ठिकाणी पीएओ जास्त असलेलं आणि अप्रूव्हलही असलेलं ऑइल पैसे वसूल करतं. दोन्ही एकत्र असलेली ऑइल मिळतात, पीएओ हवं म्हणून अप्रूव्हल सोडायची वेळ सहसा येत नाही.

ग्रुप ३ वर पीएओ टॉपअप केलं तर काय होईल असं बरेच जण विचारतात. काही होत नाही, लायसन्सवाली इंजिन ऑइल एकमेकांत मिसळली तर चालायलाच हवीत, त्याची वेगळी टेस्टच असते. रस्त्यात लेव्हल खाली गेली आणि आपला ब्रँड मिळेना तर तेच अप्रूव्हल आणि तीच ग्रेड असलेलं जे मिळेल ते घाला, कमी ऑइलवर गाडी दामटू नका.